नकाशा, वही आणि रहिवासी : परिसराच्या लढ्यातून माणसं काय शिकतात

(कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दिलेला विषय आहे ‘पर्यावरण आणि नागरिक’. हा विषय ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर पाच जूनचा कार्यक्रम येतो. एक रोप, चार फोटो, पाहुण्यांचं भाषण आणि चहा. रोप पुढच्या जूनपर्यंत टिकलं की नाही हे कुणी पाहत नाही. मी त्याबद्दल बोलणार नाही. आपल्या वस्तीतला नाला, शेजारचा कचरा डेपो, मागच्या कारखान्याचा धूर, नळाला येणारं पिवळं पाणी हे प्रश्न लोक स्वतः हातात घेतात तेव्हा त्या लोकांचं काय होतं, याबद्दल मला बोलायचं आहे. नाल्याचं काय होतं ते नंतर पाहू. आधी माणसांचं काय होतं ते पाहू.

माझं म्हणणं थोडक्यात असं : अशा कामातून होणारं शिक्षण हा त्या कामाचा जोडधंदा नाही, तो त्याचा गाभा आहे. डेपो हलला किंवा नाही हलला, तरी कागद वाचायला, मोजायला, नोंद ठेवायला, सभेत उभं राहून बोलायला आणि दुसऱ्याचं ऐकून घ्यायला शिकलेली वस्ती पुन्हा पहिल्यासारखी राहत नाही. मी संगणक अभियंता आहे, समाजशास्त्राचा अभ्यासक नाही. त्यामुळे सिद्धान्तापेक्षा चार ठिकाणची उदाहरणं सांगतो. दोन आपल्या राज्यातली, एक तमिळनाडूतलं आणि सुरुवातीला एक अमेरिकेतलं, कारण ते सगळ्यात जास्त नोंदवलं गेलेलं आहे.

लव्ह कॅनाल : ‘गृहिणींची निरुपयोगी माहिती’

न्यूयॉर्क राज्यात नायगारा फॉल्स नावाचं शहर आहे. तिथं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी विल्यम लव्ह नावाच्या माणसानं एक कालवा खणायला घेतला आणि अर्धवट सोडून दिला. त्या खड्ड्यात हूकर केमिकल या कंपनीनं १९४२ ते १९५३ या काळात सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा टाकला. मग वर माती लोटली आणि ती जमीन शाळा मंडळाला एका डॉलरला विकली. तिथं प्राथमिक शाळा बांधली गेली, आजूबाजूला छोटी छोटी घरं उभी राहिली, कामगार कुटुंबं राहायला आली. जमिनीखाली काय आहे हे बहुतेकांना माहीत नव्हतं.

१९७८ साली स्थानिक वर्तमानपत्रात याच्या बातम्या येऊ लागल्या. लोइस गिब्ज नावाची २७ वर्षांची एक गृहिणी त्या वाचत होती. तिचा मुलगा त्याच शाळेत जात होता आणि सतत आजारी पडत होता. मुलाला दुसऱ्या शाळेत घाला, अशी तिची विनंती मान्य झाली नाही. मग तिनं शाळा बंद करण्याच्या मागणीचा अर्ज लिहिला आणि सह्या घेण्यासाठी दारोदार जायचं ठरवलं. तिनंच पुढे सांगितलंय की पहिल्या दिवशी तिनं एका दाराला थाप मारली, कुणी उघडलं नाही, आणि ती घरी परत आली. भीती वाटत होती. लोक वेडी म्हणतील असं वाटत होतं. दुसऱ्यांदा बाहेर पडली तेव्हा मात्र दारं उघडली आणि प्रत्येक घरातून आजारपणाच्या गोष्टी बाहेर येऊ लागल्या.

इथवरची गोष्ट आपल्या ओळखीची आहे. आपणही मोहल्ल्यात फिरतो, सह्या घेतो, निवेदन देतो. फरक पडला तो पुढच्या टप्प्यावर. ऑगस्ट १९७८ मध्ये सरकारनं आणीबाणी जाहीर केली आणि कालव्याला अगदी लागून असलेल्या २३९ कुटुंबांना हलवलं. बाकीच्यांना सांगितलं, तुम्हाला धोका नाही. बाकीच्यांच्या घरातलं आजारपण वेगळंच सांगत होतं. तेव्हा या बायकांनी वस्तीचा रस्त्यांचा नकाशा घेतला आणि घरोघरच्या आजारांच्या खुणा त्यावर करायला सुरुवात केली. गर्भपात कुठे, जन्मजात व्यंग कुठे, फिट येणं कुठे. खुणा कालव्याभोवती गोल पसरायला हव्या होत्या. तशा त्या पसरल्या नाहीत. काही ठिकाणी त्यांचे पट्टे तयार झाले. का? मग वस्तीतल्या जुन्या माणसांनी सांगितलं की घरं बांधण्याआधी इथून ओहोळ वाहत होते, ते नंतर बुजवले. नकाशावर ते ओहोळ काढले तेव्हा आजाराच्या खुणा त्यांच्या काठाकाठानं जात असल्याचं दिसलं.

इथे तीन प्रकारचं ज्ञान एकत्र आलं, ते लक्षात घ्या. आयांचं ज्ञान : कोणाच्या घरात काय घडलं. म्हाताऱ्यांचं ज्ञान : पूर्वी पाणी कुठून वाहायचं. आणि तिसरं शास्त्रज्ञाचं ज्ञान. बेव्हर्ली पेगन या कर्करोग संशोधिका त्यांच्या मदतीला आल्या. त्यांनी फोनवरून आणि घरोघर माहिती कशी विचारायची, ती कशी तपासायची हे शिकवलं आणि ओल्या जमिनीवरची घरं व कोरड्या जमिनीवरची घरं यांची तुलना केली. तिन्हींपैकी एकालाही एकट्यानं हे कोडं सुटलं नसतं.

सरकारी अधिकाऱ्यांनी या सगळ्याला ‘गृहिणींची निरुपयोगी माहिती’ म्हटलं. पण फेब्रुवारी १९७९ मध्ये त्याच सरकारला बाहेरच्या भागातल्या गरोदर बायकांना आणि दोन वर्षांखालच्या मुलांनाही हलवायची सूचना द्यावी लागली. मे १९८० मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी दुसऱ्यांदा आणीबाणी जाहीर केली आणि उरलेल्या कुटुंबांचा स्थलांतराचा मार्ग मोकळा झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेत ‘सुपरफंड’ कायदा झाला. घातक कचऱ्यानं नासलेली जमीन साफ करायचा खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून वसूल करण्याची सोय त्यात आहे. लोइस गिब्ज यांनी १९८१ मध्ये इतर वस्त्यांना अशाच कामात मदत करणारी संस्था काढली. दारावर थाप मारायला घाबरणारी बाई तीन वर्षांत इतरांना शिकवू लागली.

पण हे उदाहरण सांगताना एक भाग लोक गाळतात. तो मी मुद्दाम सांगतो. लव्ह कॅनालच्या शेजारीच ग्रिफॉन मॅनॉर नावाची सरकारी भाड्याची वसाहत होती. तिथले बहुतेक रहिवासी कृष्णवर्णीय होते. तेही तेच पाणी, तीच हवा घेत होते. पण संघटना होती ‘घरमालकांची’. मागण्या होत्या घरांच्या किमतीच्या, घरं विकत घ्या म्हणून. भाडेकरूंना आपली वेगळी संघटना करावी लागली आणि त्यांचा आवाज इतिहासातही बराच काळ मागेच राहिला. म्हणजे बळ मिळालं, पण ते सगळ्यांना सारखं मिळालं नाही. ‘रहिवासी’ म्हणजे कोण, हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारला नाही तर शेवटी उत्तर आपोआप मिळतं : ज्याच्या नावावर खोली आहे तो.

आपल्या वस्त्यांमध्ये हा प्रश्न किती जवळचा आहे, हे तुम्हाला सांगायला नको. अर्धी वस्ती भाड्यानं राहते, अकरा महिन्यांच्या करारावर किंवा कराराविनाच. सोसायटीच्या सभेत, पुनर्वसनाच्या यादीत, पाण्याच्या अर्जावर त्यांचं नाव नसतं. नाल्याचं पाणी मात्र त्यांच्याच घरात आधी शिरतं.

कडलूर : नाक आणि बादली

दुसरं उदाहरण तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या कडलूरचं. तिथं रासायनिक आणि औषध कारखान्यांची सिपकॉट औद्योगिक वसाहत आहे. भोवतीच्या गावांत रात्रीबेरात्री उग्र वास यायचा, डोळे चुरचुरायचे, श्वास अडकायचा. तक्रार केली की अधिकारी दुसऱ्या दिवशी दुपारी यायचे. तोवर वारा बदललेला असायचा आणि अहवालात ‘वास आढळला नाही’ असं लिहिलं जायचं. आपल्याकडे ज्यांनी अशी तक्रार केली आहे ते हसतायत, मला दिसतंय.

तिथल्या गावकऱ्यांनी स्वतःचं निरीक्षक पथक तयार केलं. पहिलं साधन होतं स्वतःचं नाक. वास आला की वहीत नोंद करायची. तारीख, वेळ, वारा कुठून आहे, वास कसा आहे, कुठल्या कारखान्याच्या बाजूनं येतो, आणि अंगावर काय परिणाम झाला. वासाला रासायनिक नाव माहीत नसलं तरी चालेल. रोजच्या जगण्यातल्या वासाशी तुलना करायची. रसायनशास्त्रात याला अर्थ आहे. सडक्या अंड्याचा वास म्हणजे बहुधा हायड्रोजन सल्फाइड. नेलपॉलिशसारखा वास असेल तर ॲसिटोनच्या जातीचं द्रावक. सडक्या कोबीसारखा असेल तर मरकॅप्टन. म्हणजे स्वयंपाकघरात वावरणारं नाक हे प्रयोगशाळेचं पहिलं दार आहे.

दुसरं साधन बादली. ही कल्पना १९९० च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या तेलशुद्धीकरण कारखान्यांजवळच्या वस्त्यांतून निघाली. साधी प्लॅस्टिकची बादली, आत एक खास पिशवी, एक झडप आणि हवा ओढायचा छोटा पंप. वास आला की झडप उघडायची, पिशवीत हवा भरायची आणि पिशवी प्रयोगशाळेत पाठवायची. २००४ साली कडलूरच्या गावकऱ्यांनी घेतलेले नमुने अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत तपासले गेले. त्यात वीसहून अधिक विषारी रसायनं सापडली, काही कर्करोग करणारी. त्या वेळी आपल्या देशाच्या हवेच्या मानकांत यांतल्या बहुतेक रसायनांचा उल्लेखही नव्हता. जे मोजायचंच नाही ते कधीच मर्यादेबाहेर जात नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची सुधारित मानकं आली, तेव्हा १२ प्रदूषकांच्या यादीत बेंझिन आलं.

माझ्या धंद्यातला एक नियम इथे लागू पडतो. वापरणाऱ्यानं ‘तुमचं ॲप चालत नाही’ एवढंच लिहून पाठवलं तर आम्ही काहीच करू शकत नाही. कोणत्या फोनवर, किती वाजता, काय दाबल्यावर, पडद्यावर काय आलं, एवढं लिहिलं की मग कुणी ‘आमच्याकडे तर चालतंय’ म्हणून सुटू शकत नाही. ‘साहेब, फार वास येतो’ ही तक्रार आहे. ‘गेल्या तीस रात्रींपैकी अकरा रात्री, साडेअकरा ते दोनच्या दरम्यान, वारा पूर्वेकडून असताना’ ही नोंद आहे. तक्रारीला सहानुभूती मिळते किंवा मिळत नाही. नोंदीला उत्तर द्यावं लागतं.

मेंढा-लेखा : अभ्यास वेगळा, निर्णय वेगळा

तिसरं उदाहरण गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या गोंड आदिवासी गावाचं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा आपण ऐकलेली असते. देवाजी तोफा आणि त्यांच्यासोबत मोहन हिराबाई हिरालाल यांनी तिथं जे काम उभं केलं, त्यातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग घोषणेचा नाही, अभ्यास गटाचा आहे.

तिथं गावाचे निर्णय ग्रामसभेत सर्वसहमतीनं होतात, बहुमतानं नाही. पण सर्वसहमती व्हायची तर सगळ्यांना विषय कळायला हवा. म्हणून अभ्यास गट. ज्याला वाटेल त्यानं यायचं, विषय घ्यायचा, कायदा वाचायचा, बाहेरचा जाणकार बोलवायचा, प्रश्न विचारायचे. मात्र अभ्यास गट निर्णय घेत नाही. निर्णय ग्रामसभाच घेते. आणि बाहेरून आलेला जाणकार अभ्यासात बोलतो, निर्णयात नाही.

ही छोटीशी वाटणारी विभागणी फार मोठी आहे. कारण जिथं शिकणं आणि ठरवणं एकाच बैठकीत होतं, तिथं ज्याला आधीपासून माहीत आहे तोच ठरवतो. वकील असेल तर वकील, इंजिनिअर असेल तर इंजिनिअर. बाकीचे मान डोलावतात. मेंढ्यात मधमाश्या न मारता मध कसा काढायचा इथपासून वनहक्क कायद्यापर्यंतचे विषय अभ्यासाला आले. म्हणूनच २००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा हे गाव तयार होतं. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर त्यांना सामूहिक हक्क मिळाला. देशातल्या पहिल्या काही गावांपैकी ते एक. त्यानंतरही बांबू विकायला निघाले तेव्हा वाहतुकीचा परवाना मिळेना. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. हक्क कागदावर मिळणं आणि हातात येणं यामधला वेळ अभ्यासाशिवाय निभत नाही.

साखरी नाटे : शिकणं म्हणजे जिंकणं नव्हे

चौथं उदाहरण कोकणातलं, आपल्यापैकी काहींच्या घरचं. रत्नागिरी जिल्ह्यात राजापूर तालुक्यात जैतापूर अणुऊर्जा प्रकल्प येणार होता. माडबन, मिठगवाणेच्या शेतकऱ्यांची जमीन संपादित झाली. शेजारच्या साखरी नाट्याच्या मच्छीमारांची जमीन जात नव्हती. तिथली मच्छीमार वस्ती बहुतांशी मुसलमान. जमीन जात नाही म्हणून सरकारी हिशेबात ते प्रकल्पग्रस्तच नव्हते. पण त्यांचं शेत समुद्रात होतं. भट्ट्या थंड करून परत सोडलेलं कोमट पाणी खाडीच्या तोंडाशी आलं तर मासळीचं काय होईल, आणि सुरक्षेच्या नावाखाली होड्यांना किती अंतरावर थांबवतील, हे त्यांचे प्रश्न होते. ते कुठल्याच रकान्यात बसत नव्हते.

१६ मे २०१० ला जनसुनावणी झाली. पर्यावरण आघात मूल्यांकनाचा अहवाल मराठीतून वेळेत गावांपर्यंत पोहोचला नाही, ही लोकांची मोठी तक्रार होती. नोव्हेंबरमध्ये ३५ अटी घालून प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी मिळाली. एप्रिल २०११ मध्ये नाट्यात पोलिसांच्या गोळीबारात एका तरुणाचा जीव गेला. हे सांगताना मला जपून बोलायचं आहे. ‘लोक शिकले आणि सक्षम झाले’ या वाक्यानं त्या घरातलं दुःख झाकता येत नाही. शिकलेल्या लोकांवरही गोळी चालते. प्रकल्प आजवर उभा राहिलेला नाही. त्यामागे खर्चाची बोलणी, दायित्वाचा कायदा अशी बरीच कारणं आहेत. सगळं श्रेय आंदोलनाला देणं प्रामाणिक होणार नाही.

मग तिथं कमावलं काय? माडबनचा शेतकरी आणि नाट्याचा मच्छीमार, एक हिंदू आणि एक मुसलमान, एकाच सभेत, एकाच कागदावर वाद घालू लागले. निवडणुकीच्या काळात ज्यांना एकमेकांची भीती दाखवली जाते, त्यांना पाण्याच्या तापमानानं एका बाजूला बसवलं. धर्मानं ओळखली जाणारी माणसं ‘बाधित’ या नव्या ओळखीनं एकमेकांना भेटली. सलोख्याची भाषणं आपण पुष्कळ करतो. एकत्र मोजमाप केल्यानं जो विश्वास तयार होतो, तो भाषणानं होत नाही.

आपल्या वस्तीत

आता घराकडे येऊ. मुंबईतला देवनारचा कचरा डेपो १९२७ पासूनचा आहे. २०१६ च्या जानेवारीअखेर तिथं मोठी आग लागली. धूर शहरावर पसरला, आसपासच्या शाळा काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या आणि मग वर्तमानपत्रांना देवनार आठवलं. गोवंडी, शिवाजीनगर, बैंगनवाडीच्या लोकांना मात्र तो धूर नवा नव्हता. धूर दक्षिण मुंबईत पोहोचला तेव्हा ती बातमी झाली.

अशा वस्त्यांबद्दल दोन ठरलेली वाक्यं ऐकू येतात. बाहेरचे म्हणतात, ‘हे लोकच घाणेरडे आहेत.’ आतले म्हणतात, ‘आपण मुसलमान आहोत म्हणून आपल्याकडे कुणी बघत नाही.’ पहिलं वाक्य अन्यायाचं आहे. दुसऱ्यात तथ्य असू शकतं. पण दोन्ही वाक्यांचा परिणाम एकच होतो : पुढे काहीच करायचं उरत नाही. पहिल्या वाक्यानं महापालिका सुटते, दुसऱ्यानं आपण सुटतो.

यातून बाहेर काढते ती नोंद. घंटागाडी आठवड्यात किती वेळा आली, शेजारच्या वॉर्डात किती वेळा गेली, हे दोन महिने लिहून ठेवा. आकडा सारखा निघाला तर आपल्याला आपल्या सवयींकडे बघावं लागेल. आकडा वेगळा निघाला तर भेदभावाचा आरोप उरत नाही, पुरावा होतो. दोन्ही उत्तरांची तयारी असेल तरच मोजायला बसावं. प्रश्न विचारायचा आणि उत्तर आवडलं नाही तरी स्वीकारायचं, ही सवय या चळवळीला नवी नाही. घरातल्या आणि समाजातल्या रूढींबद्दल ती आपण वापरतो. नाल्याबद्दलही वापरू.

काय करता येईल

आता कामाच्या चार गोष्टी.

पहिली, वही. एक प्रश्न निवडा, एकच. पाणी, कचरा, धूर, काहीही. तारीख, वेळ, ठिकाण, काय दिसलं, कुणी पाहिलं. ज्या दिवशी काही घडलं नाही त्या दिवशीही ‘आज काही नाही’ असं लिहा. नकाशावर आजारी घरं दाखवाल तेव्हा विचारून आलेली निरोगी घरंही दाखवा. किती घरांपैकी किती, हे सांगता आलं नाही तर समोरचा पहिल्याच प्रश्नात आपल्याला गप्प करेल, आणि त्याचं बरोबर असेल. आजाराची माहिती गोळा करताना नाव वहीत लिहू नका, घराला क्रमांक द्या. कुणाच्या मुलीचं लग्न त्या वहीमुळे अडायला नको. लोक ॲप बनवून मागतात. मी सांगतो, आधी सहा महिने वही चालवून दाखवा. वही चालली तर ॲप एका आठवड्यात होतं. वही चालली नाही तर ॲपही चालत नाही.

दुसरी, कागद. कारखान्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र लागतं आणि त्यात अटी असतात. पाणी किती सोडायचं, कसं शुद्ध करायचं, चिमणी किती उंच हवी. ते संमतीपत्र मिळवा आणि अट वाचून समोर काय दिसतं ते बाजूला लिहा. माहितीचा अधिकार कायदा २००५ चा आहे. अर्जाला दहा रुपये, उत्तराला तीस दिवस. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, म्हणून नेमकं विचारायला शिकावं लागतं. तेही एक शिक्षणच. या कायद्यात फक्त कागद मागायची सोय आहे असं आपण समजतो. त्यात कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचाही हक्क आहे. म्हणजे नाल्याच्या भिंतीत किती सिमेंट आहे हे नमुना घेऊन तपासता येतं. हा हक्क फार कमी लोक वापरतात.

जनसुनावणीचंही तसंच. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे तीस दिवस आधी सूचना द्यावी लागते, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. सुनावणीच्या शेवटी इतिवृत्ताचा गोषवारा लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवावा लागतो. बहुतेक लोक तोवर घोषणा देऊन निघून गेलेले असतात. शेवटपर्यंत थांबा. आपण बोललो ते लिहिलं गेलं का, ते तिथंच कळतं.

तिसरी, अभ्यास गट. महिन्यातून दोनदा, दीड तास. एक कागद मोठ्यानं वाचायचा. प्रत्येक परिच्छेदानंतर थांबायचं. ज्याला कळलं त्यानं न कळलेल्याला आपल्या बोलीत सांगायचं : मराठीत, दखनीत, उर्दूत, कोकणीत, भोजपुरीत. वाचता न येणाऱ्याचा प्रश्न बऱ्याचदा सगळ्यात नेमका असतो, कारण त्याला शब्दांचा धाक नसतो. आणि त्या बैठकीत निर्णय घ्यायचा नाही. निर्णय वस्तीच्या सभेत.

चौथी, कोण बसलंय ते बघा. बैठक रात्री नऊला चौकात ठेवली तर बायका येणार नाहीत आणि आपण म्हणू ‘महिलांचा प्रतिसाद कमी’. पाणी भरण्याची वेळ, मुलांच्या शाळेची वेळ, जरीकाम करणाऱ्या किंवा घरकामाला जाणाऱ्या बायकांची सुट्टीची वेळ विचारून बैठक ठरवा. नळाला पाणी किती वाजता आलं आणि त्याचा रंग कसा होता, हे आपल्या आपांना, खालांना माहीत असतं. माहिती त्यांनी द्यायची आणि साहेबांसमोर दुसऱ्यानं बोलायचं, असं व्हायला नको. जिनं वही लिहिली तीच वॉर्ड ऑफिसात वही घेऊन जाईल. सोबत दोघं जा, पण बोलणार ती. भाडेकरूंना आणि कचरा वेचणाऱ्यांनाही बोलवा. डेपो बंद करा ही आपली मागणी, आणि डेपोवर ज्यांची चूल पेटते त्यांचं काय, हा प्रश्न त्यांच्याशिवाय सोडवायला बसलो तर आपण नवे घरमालकच होऊ.

आमच्यासारख्या शिकलेल्यांचं काम काय? शिकवणं, तपासणं, आकडे नीट मांडायला मदत करणं आणि मग मागच्या खुर्चीत बसणं. वस्तीतल्या सतरा वर्षांच्या मुलीला स्प्रेडशीटमध्ये सरासरी काढता आली की माझी तिथं गरज उरत नाही. मदत करणाऱ्याचं काम नीट झाल्याची हीच खूण आहे.

शेवटी एक प्रश्न उरतो, आणि तो तुम्ही विचारालच. लोक दिवसभर राबतात, त्यांना वेळ कुठे आहे? खरं आहे, वेळ नाही. पण पाण्यासाठी रांगेत, दवाखान्याच्या बाकावर आणि तक्रारीसाठी खिडकीसमोर तो वेळ आजही जातोच आहे. त्यातला थोडा वेळ वहीला द्यायचा, एवढंच मागणं आहे. जिंकण्याची हमी मी देत नाही. नाट्याचं उदाहरण सांगितल्यावर ती देणं खोटं ठरेल. मात्र वही लिहिणाऱ्या वस्तीशी बोलताना अधिकाऱ्याची भाषा बदलते, आणि त्याहून महत्त्वाचं, आपली स्वतःची भाषा बदलते. ‘कुणीतरी काहीतरी करा’ ऐवजी ‘आम्ही हे पाहिलं, हे मोजलं, याचं उत्तर द्या’ असं आपण म्हणू लागतो.

या शिबिराला आठ वस्त्यांतून लोक आले आहेत. दुपारच्या सत्रात प्रत्येक वस्तीनं आपला एक प्रश्न ठरवायचा आहे आणि वहीचे रकाने आखायचे आहेत. कोऱ्या वह्या मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत. जेवणानंतर भेटू.